विश्लेषण : बायपासनंतर हृदयाची लय का बिघडते?

बायपास व्यवस्थित पार पडते, रुग्ण बोलू-चालू लागतो आणि तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरचे ठोके अचानक १४०-१५० वर जातात. नातेवाईक धास्तावतात. मात्र बहुतेक वेळा हा नवा हार्ट अटॅक नसतो. याला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात.

नेमके काय होते?
हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात. त्यामुळे नाडी वेगवान आणि अनियमित होते. छातीत धडधड, दम लागणे, चक्कर किंवा थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही.

किती जणांना? कधी?
बायपास झालेल्या साधारण चारपैकी एका रुग्णाला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी शक्यता सर्वाधिक असते.

कारणे कोणती?
शस्त्रक्रियेमुळे हृदयाला आलेली सूज, शरीरावरचा ताण, पोटॅशियम-मॅग्नेशियमची कमतरता. वाढते वय, उच्च रक्तदाब, फुप्फुसाचा जुना आजार किंवा सोबत झडपेची शस्त्रक्रिया असल्यास धोका वाढतो. आधीपासून सुरू असलेली बीटा ब्लॉकर गोळी अचानक बंद होणे हेही एक कारण.

धोका काय?
थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. ठोके फार वाढल्यास रक्तदाबही घसरतो.

उपचार काय?
ठोके आटोक्यात आणण्यासाठी बीटा ब्लॉकर, लय सुधारण्यासाठी अमिओडॅरोन दिले जाते. प्रकृती ढासळल्यास विजेचा नियंत्रित झटका देतात. गुठळी टाळण्यासाठी रक्त पातळ करणारे औषध लागू शकते. मात्र जखम ताजी असल्याने रक्तस्रावाचा धोका तोलूनच डॉक्टर निर्णय घेतात. रोजची अ‍ॅस्पिरिन या औषधाची जागा घेत नाही.

घरी गेल्यावर?
बहुतेकांची लय काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. तरीही पुढे हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. रक्त पातळ करणारे औषध सुरू असताना वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मनगटावरची नाडी रोज मोजावी आणि फेरतपासणीला ईसीजी चुकवू नये. तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता १०८ वर फोन करावा.