खोकला आला की लघवी सुटते

कनेरगाव नाका हे गाव हिंगोलीहून वाशीमला जाताना लागते. लग्नसराईत इथून जाणाऱ्या मोटारी माणसांनी भरून जातात. पण काही बाया मोटारीत बसतच नाहीत. "मला बरं नाही, तुम्ही जा," असे म्हणून घरी राहतात.

खरे कारण त्या सांगत नाहीत. खोकला आला, शिंक आली, हसू आले, मोटारीने गचका दिला, की थोडी लघवी सुटते. लुगडे ओले होते. वास येईल, कोणी पाहील, अशी धास्ती वाटते. नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची लाज. आणि पुष्कळदा सासूलाही हाच त्रास असतो! तीही बोलत नाही.

काही बाया पाणी पिणेच कमी करतात. भर उन्हात खुरपायला जायचे आणि दिवसभर घोटभर पाण्यावर राहायचे. हे फार वाईट. त्याने लघवी कडक होते, जळजळते, पोट साफ होत नाही. त्रास कमी न होता वाढतो.

असे का होते? आपल्या कमरेच्या हाडांच्या मध्ये, खालच्या बाजूला, मांसाची एक झोळी असते. ती पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि आतडे तिच्या आधाराने राहतात. बाज जुनी झाली की तिची दोरी सैल पडते. तशी ही झोळीही सैल पडते. मग खोकताना वरून दाब आला, की लघवीची वाट नीट मिटत नाही.

बाळंतपणात या झोळीला फार ताण बसतो. पुढे ओझी उचलणे, जुना खोकला, शौचाला कुंथणे, वाढलेले वजन यांनीही ती सैल होते. पाळी गेल्यावर त्रास वाढू शकतो. यात बाईचा दोष नाही. ही कोणाची करणीही नव्हे.

बाजेची दोरी आपण ओढून ताणतो. ही झोळीही घट्ट करता येते. १९४८ साली आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. त्याच साली अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी या व्यायामाविषयी लिहिले. आज जगभर डॉक्टर तो सांगतात. त्याला पैसा लागत नाही.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण खालचे अंग आवळतो ना? तेच करायचे. लघवी अडवल्यासारखे पुढूनही आवळावे, आणि आत, वर ओढून धरावे. मनात पाच अंक मोजावे. मग सोडून द्यावे आणि पुन्हा पाच मोजेपर्यंत थांबावे. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. पाच जमत नसतील तर तीन मोजा, हळूहळू दहापर्यंत जा. पोट, मांड्या, ढुंगण आवळू नये. श्वास रोखू नये. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करू नये, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

सुरुवातीला निजून करावे. मग भाकरी थापताना, मोटारीत बसल्या बसल्या केले तरी कोणाला कळत नाही! खोकला येतोय असे वाटले, किंवा हंडा उचलायचा आहे, तर आधी आवळून घ्यावे. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका. निदान तीन महिने लागतात.

लघवीत रक्त दिसले, जळजळ झाली, ताप आला, किंवा अंग बाहेर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अंग बाहेर येत असेल तर आत कडी बसवतात, कधी शस्त्रक्रिया करतात. अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी गळत असेल, तर आत छिद्र पडलेले असू शकते. ते व्यायामाने बुजत नाही. लगेच दवाखाना गाठावा. सांगायला संकोच वाटला तर आधी आशाताईंना सांगावे. त्या बरोबर येतात.

आणि पुरुषांनी हे पान उलटू नये. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांनाही असा त्रास होतो. त्यांनाही हाच व्यायाम सांगतात.