नर्सिंग झालं, नोंदणी झाली. आता परीक्षेचा अभ्यास कसा करायचा?

नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांमध्ये आता अनेक घरांत एक तरी मुलगी नर्सिंग शिकलेली किंवा शिकत असलेली दिसते. जीएनएम झाले, मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, की मुलगी परिचारिका झाली असे घरचे धरून चालतात. ते खरेही आहे. आपल्याकडे नोंदणीसाठी कोर्सच्या परीक्षेपलीकडे वेगळा पेपर द्यावा लागत नाही. पण कायमची सरकारी नोकरी हवी असेल तर खरी चाळणी त्यानंतर सुरू होते. राज्याची अधिपरिचारिका भरती असते आणि एम्सची नॉरसेट असते. खासगी दवाखान्यात थोड्या पगारावर रात्रपाळी करत आपल्या मुली या परीक्षांची तयारी करतात. दोन-तीन वेळा यश आले नाही की घरात लग्नाचा विषय निघतो आणि पुस्तके माळ्यावर जातात. अभ्यासात मुली कमी पडतात असे आम्हाला वाटत नाही. त्यांची अभ्यासाची पद्धत चुकते.

ती कशी, ते पाहू. जाडजूड गाइड घ्यायचे, ओळींखाली रेघा मारायच्या, तेच पान तिसऱ्यांदा वाचायचे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, म्हणून येते असे वाटते. परीक्षेत चार पर्याय समोर आले की चारही ओळखीचे वाटतात! अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते.

लातूरकरांना यात नवे काही वाटणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयातून ज्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले, त्याचा गाभा हाच होता : पेपर सोडवा, तपासा, चुकले ते पुन्हा सोडवा. पुढे त्या नावावर मोठमोठ्या फिया आल्या आणि लोकांना वाटू लागले की पॅटर्न म्हणजे क्लास. क्लास लावू नका असे आम्ही म्हणत नाही. पण कर्ज काढून पूर्ण फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारा : दर आठवड्याला परीक्षा होते का आणि चुकलेल्या प्रश्नावर कोणी बसून बोलते का? नुसते व्हिडिओ आणि नोट्स मिळणार असतील तर ते पैसे वाचवलेले बरे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पुण्याची ‘बार्टी’ स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देते, तिच्या जाहिराती पाहत राहा. आणि ‘नाव लावून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. २०२४ च्या नीट प्रकरणात लातूरचे नाव देशभर कसे आले, ते सर्वांनी पाहिले आहे.

प्रश्नातून अभ्यास म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. बाळंतीण तासाभरापूर्वी मोकळी झाली आहे, रक्त जास्त जाते आहे आणि पोटावरून हात लावला तर गर्भाशय मऊ लागते. सिस्टरने प्रथम काय करावे? डॉक्टरला फोन, सलाइन, रक्तदाब पाहणे, गर्भाशय चोळणे असे पर्याय असतात. चारही कामे करायचीच असतात, प्रश्न ‘प्रथम’ या शब्दात आहे. गर्भाशय आकुंचन पावत नाही म्हणून रक्त जाते, तेव्हा मदतीसाठी हाक मारत हाताने चोळणे हे पहिले. आता प्रश्न थोडा बदला. गर्भाशय घट्ट आहे, पण नाभीच्या वर आणि उजवीकडे सरकले आहे. मग लघवीची पिशवी भरलेली असणार, आधी ती रिकामी करायची. पाठ केलेल्या मुलीचा दुसरा प्रश्न चुकतो, कारण समजलेल्या मुलीचा चुकत नाही. आणि हा नुसता दोन गुणांचा मामला नाही. २०२३ मध्ये ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. त्यानंतर तिथल्या मनुष्यबळाच्या कमतरतेची चर्चा राज्यभर झाली. आपल्या वस्तीतले पेशंट अशाच वॉर्डांत जातात.

म्हणून एक वही वेगळी ठेवा, फक्त चुकांची. प्रश्न चुकला की का चुकला ते मराठीत लिहा. माहीतच नव्हते, की माहीत असून दोन गोष्टींची गल्लत झाली, की प्रश्नातला ‘नाही’ हा शब्दच वाचला नाही? माहीत नसेल तर पुस्तक उघडावे लागेल. प्रश्न घाईत वाचला असेल तर दहा पुस्तके वाचूनही उपयोग नाही, घड्याळ लावून सराव करावा लागेल. बाजारातल्या प्रश्नसंचांत कधी कधी उत्तरेही चुकीची असतात. शंका आली की कोर्सच्या पुस्तकात पडताळून पाहा, त्यातही अभ्यास होतो.

ड्युटी करणाऱ्या मुलीने वॉर्डाप्रमाणे विषय धरावा हे उत्तम. प्रसूती विभागात असाल तर तो महिना प्रसूतिशास्त्राचा. हातून जे रोज होते त्यावरचे वीस-पंचवीस प्रश्न त्याच दिवशी सोडवले तर ते डोक्यात बसतात. सलाइनचे गणित वॉर्डातच करून पाहा : १००० मिली आठ तासांत द्यायचे, सेटमधून १५ थेंबांना एक मिली पडते, तर मिनिटाला किती थेंब? १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटे, म्हणजे साधारण ३१. रात्रपाळीहून आल्यावर मात्र आधी झोप. वाचलेले झोपेतच पक्के होते, डोळे ताणून बसण्यात अर्थ नाही.

कोणती परीक्षा आधी द्यायची ते ठरवा, कारण तयारी सारखी नाही. राज्याच्या भरतीत नर्सिंगसोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असते. नर्सिंगमध्ये हुशार मुली अनेकदा तिथेच मागे पडतात. नॉरसेट दोन टप्प्यांत होते, भर नर्सिंगवर असतो आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. त्या भीतीने मुली प्रश्न सोडून देतात. हिशेब करून पाहा. बारा प्रश्नांना डोळे मिटून उत्तर दिले तर सरासरी तीन बरोबर, नऊ चूक, म्हणजे तीन मिळाले नि तीन गेले. पण चारातला एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर त्याच बारांत चार बरोबर येतात, आठ चूक, आणि सव्वाच्या वर गुण हाती राहतो. एक पर्याय खोडता आला तर उत्तर द्या, एकही खोडता आला नाही तर पुढे जा. अमेरिकेत जायचे असेल तर एनक्लेक्स ही खरीखुरी लायसन्सची परीक्षा आहे. तिथे संगणक तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो, ८५ ते १५० प्रश्न येतात आणि मागे जाता येत नाही. तो सगळा वेगळा अभ्यास आहे, दोन्ही एकदम धरू नका.

घरच्यांसाठी थोडे. अभ्यासाला रोज दोन तास टीव्हीचा आवाज नसलेली जागा लागते. एका खोलीच्या घरात ती नसेल तर विहारातली अभ्यासिका आहे. तीन-चार मुलींनी मिळून बसावे, एकीने प्रश्न विचारावा, बाकीच्यांनी पुस्तक मिटून उत्तर द्यावे.

कागद आधी तयार ठेवा. नॉरसेट केंद्राची परीक्षा आहे, तिथे जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, पण दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख नसेल तर कागदपत्र तपासणीत अडचण येते. जीएनएमवाल्या मुलींना किमान पन्नास खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. तेव्हा नोकरी धरतानाच खाटा किती ते विचारा आणि सोडताना अनुभवाचे पत्र घेतल्याशिवाय निघू नका.