व्हिएतनाम: पँथरने वाचलेले आणि वाचायचे राहिलेले

दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा आमच्या पिढीने उशिरा वाचला, बहुतेकांनी झेरॉक्स प्रतीवर. त्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नाते सांगितले आहे, हे चळवळीतल्या सगळ्यांना माहीत असते. त्याच ओघात व्हिएतनाम आणि कंबोडियाचीही नावे येतात. तिथे मात्र फारसे कुणी थांबत नाही. उत्तर नागपुरातल्या अभ्यासवर्गात हे पान निघाले की मुले विचारतात, व्हिएतनामचा आपल्याशी काय संबंध? अनेकांना तो देश अमेरिकी सिनेमांतूनच माहीत आहे, आणि त्या सिनेमांत दुःख सगळे अमेरिकी सैनिकाचे असते, व्हिएतनामी माणूस नुसता झाडीत लपलेला.

संबंध आहे, आणि जाहीरनाम्यात लिहिला आहे त्याहून जवळचा आहे.

आधी युद्ध थोडक्यात समजून घेऊ. व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे हो ची मिन्ह यांच्या सैन्याने फ्रेंचांना हरवले. त्यानंतरच्या जिनिव्हा कराराने देशाचे १७ व्या अक्षांशावर तात्पुरते दोन भाग केले. १९५६ मध्ये निवडणूक घेऊन ते पुन्हा जोडायचे ठरले होते. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. निवडणूक झालीच नाही, कारण झाली असती तर हो ची मिन्ह जिंकले असते अशी भीती दक्षिणेतल्या न्गो दिन्ह दिएम सरकारला आणि त्याला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेला होती. डिसेंबर १९६० मध्ये दक्षिणेत राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. अमेरिकी ज्यांना ‘व्हिएतकाँग’ म्हणत ते हेच गनीम.

गनिमी कावा महाराष्ट्राला समजावून सांगावा लागत नाही. पण त्याच्याशी लढणारी महासत्ता काय करते, ते बघण्यासारखे आहे. गनीम गावात जेवतो, गावात झोपतो, म्हणून गावच उचलायचे. १९६२ पासून दक्षिणेत हजारो खेड्यांतल्या लोकांना तारेच्या कुंपणाआड ‘संरक्षित’ वस्त्यांत हलवण्याची योजना चालली. पूर्वजांची थडगी आणि भाताची खाचरे मागे राहिली. नंतर जंगल आणि पिके जाळून टाकणाऱ्या रसायनांची विमानांतून फवारणी झाली, एकूण सात कोटी लिटरहून अधिक. जमीन जिंकण्याला अर्थ नव्हता, म्हणून यश मोजायचे ते मृतदेहांच्या संख्येवर. असा हिशेब सुरू झाला की मेलेला प्रत्येक शेतकरी शत्रूच्या रकान्यात जातो. अमेरिकेचे सुमारे ५८ हजार सैनिक मेले. व्हिएतनामी मृतांचे अंदाज वीस लाखांच्या पुढे जातात आणि त्यांत फार मोठा वाटा निःशस्त्र लोकांचा आहे.

आता जवळच्या संबंधाकडे येऊ. आपल्या वस्तीत घराघरावर आणि विहारावर जो पंचरंगी ध्वज लागतो, ज्याला आपण पंचशील ध्वज म्हणतो, तो मूळ श्रीलंकेत १८८५ मध्ये तयार झाला. १९५० साली श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा तो सर्व देशांतील बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला गेला. त्या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. व्हिएतनामचे भिक्खूही होते.

तेरा वर्षांनी, ८ मे १९६३ रोजी, ह्यूए शहरात वैशाखी पौर्णिमा साजरी होत होती. धार्मिक ध्वज जाहीर लावायचे नाहीत असा सरकारी आदेश ऐनवेळी आला. काहीच दिवस आधी दिएम यांचे भाऊ, जे कॅथलिक आर्चबिशप होते, त्यांच्या समारंभात व्हॅटिकनचे झेंडे उघड फडकले होते. बहुसंख्य जनता बौद्ध परंपरेतली, राज्यकर्ते कुटुंब कॅथलिक, आणि जुन्या हुकुमानुसार बौद्धांची नोंद धर्म म्हणून नव्हे तर एक संघटना म्हणून केलेली. कागदोपत्री धर्माची नोंद करून घेण्यासाठी झगडलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. लोक रेडिओ केंद्रासमोर जमले, सैन्य आले, नऊ जण मेले. त्यांत मुले होती.

बौद्धांनी सरकारपुढे पाच मागण्या ठेवल्या. ध्वज लावू द्या, कॅथलिकांइतकाच कायदेशीर दर्जा द्या, अटकसत्र थांबवा, धर्माचरणाचे स्वातंत्र्य द्या, मृतांच्या कुटुंबांना भरपाई आणि दोषींना शिक्षा द्या. एकही मागणी सत्तेची नव्हती. उत्तर मिळाले नाही. ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या चौकात थिच क्वांग डुक या वृद्ध भिक्खूंनी ध्यानासनात बसून आत्मदहन केले. माल्कम ब्राऊन या पत्रकाराने काढलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर पोचले. राष्ट्राध्यक्षांच्या भावजयीने त्याची ‘बार्बेक्यू’ म्हणून टवाळी केली. ऑगस्टमध्ये सरकारी फौजा विहारांत घुसल्या आणि शेकडो भिक्खू-भिक्खुणींना पकडून नेले. नोव्हेंबरमध्ये लष्कराने दिएम यांना पदच्युत करून ठार मारले. आत्मदहनाचा मार्ग आम्ही कुणासमोर आदर्श म्हणून ठेवत नाही, तरुणांबरोबर काम करताना तर मुळीच नाही. पण ते घडले, आणि ‘हे युद्ध नेमके कोणाच्या बाजूने चालले आहे’ हा प्रश्न अनेक सामान्य अमेरिकी माणसांना त्या छायाचित्राने पहिल्यांदा पडला.

म्हणजे दक्षिण व्हिएतनामचे सरकार ज्या उठावाने पहिल्यांदा हादरले, त्यात बंदूक नव्हती. १९६६ मध्ये ह्यूए आणि दा नांगमध्ये बौद्धांनी पुन्हा उठून नागरी सरकार आणि निवडणुकीची मागणी केली. तो उठाव अमेरिकेच्या पाठिंब्याने सैन्य पाठवून मोडला गेला.

याच काळात थिच न्हात हान या तरुण भिक्खूंनी युवकांची समाजसेवा शाळा उभी केली. मुले-मुली खेड्यांत जात, बॉम्बने पडलेली घरे पुन्हा बांधत, शाळा आणि दवाखाने चालवत. समाजकार्य शिकवताना परदेशी उदाहरणे खूप दिली जातात. हे उदाहरण आम्हाला वर्गात कुणी सांगितले नाही, आणि ते सर्वांत जवळचे होते. सरकारला हे युवक कम्युनिस्ट वाटत, कम्युनिस्टांना अमेरिकेचे हस्तक. त्यांच्यावर हल्ले झाले, काही जण मारले गेले. न्हात हान १९६६ मध्ये शांततेसाठी बोलायला अमेरिकेत गेले, त्यानंतर त्यांना मायदेशी परतता आले नाही. त्यांनी लिहिलेले बुद्धचरित्र म्हशी राखणाऱ्या स्वस्ति नावाच्या अस्पृश्य मुलाच्या नजरेतून उलगडते, एवढे इथे सांगून ठेवतो.

अमेरिकेत ते मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले. त्याआधी १९६५ मध्ये त्यांनी किंग यांना पत्र लिहिले होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग युद्धाविरुद्ध उघड बोलले. मोठी वर्तमानपत्रे तुटून पडलीच, पण नागरी हक्क चळवळीतले सहकारीही रागावले. आपला प्रश्न वर्णभेदाचा, परराष्ट्र धोरणात कशाला पडता, असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य आपल्याकडेही ऐकलेले आहे.

किंग यांना पडावे लागले, कारण मरायला कोण जात होते ते दिसत होते. कॉलेजात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सूट होती. कॉलेजात कोण होते? बहुतांश खातेपित्या घरातले गोरे. १९६६ पासून संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी भरतीचे निकष खाली आणून तीन लाखांहून अधिक गरीब, कमी शिकलेल्या तरुणांना सैन्यात घेतले. गरिबांना संधी देणारी योजना म्हणून ती मांडली गेली. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याच्या कितीतरी पट होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख नाही, तरी निकाल वर्णाप्रमाणे लागतो. ही यंत्रणा जातीच्या समाजात वाढलेल्याला लगेच ओळखू येते. मुहम्मद अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी भरतीला नकार दिला, तेव्हा जगज्जेतेपद आणि ऐन उमेदीची तीन वर्षे त्याने घालवली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली.

१९६८ च्या जानेवारीत तेत सणाच्या वेळी गनिमांनी दक्षिणेतल्या शंभरावर शहरांवर एकदम हल्ला केला. लष्करी हिशेबात त्यांची हानी प्रचंड झाली, पण ‘आपण जिंकत आहोत’ हे सरकारचे म्हणणे टीव्हीवर उघडे पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी म्हातारे, बाया आणि तान्ही मुले मारली. व्हिएतनामी नोंदीप्रमाणे ५०४ जण. दीड वर्ष हे दडवले गेले, आणि शेवटी दोषी ठरला तो एकच अधिकारी. जनमत तोवर फिरले होते. मे १९७० मध्ये केंट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, हे सगळ्या पुस्तकांत असते. अकराच दिवसांनी जॅक्सन इथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांनी दोघांना मारले. ते तळटीपेत जाते.

नागपुरात बसून गनिमी युद्धावर लिहिताना गडचिरोली आठवणारच. सरसकट तुलना चुकीची ठरेल, तिथे परकी महासत्ता नाही. पण १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० दलात स्थानिक तरुण आले आणि दलममध्येही तिथलीच पोरे गेली. दोन्हीकडच्या संशयात अडकलेले गाव मात्र सारखेच.

आता जाहीरनाम्याचा प्रश्न. पँथरने व्हिएतनाममध्ये पाहिला तो महासत्तेला नमवणारा गरीब शेतकरी. १९७३ मध्ये, गावोगाव अत्याचार चालू असताना, तो दिसणे साहजिक होते. सायगॉनचे भिक्खू त्यात नाहीत. वर्षभरात पँथर फुटली. राजा ढाले यांचा आक्षेप होता की नामदेव ढसाळ यांच्या जाहीरनाम्याने संघटना कम्युनिस्टांच्या दावणीला बांधली. बुद्ध की मार्क्स, असा तो वाद आजही सभांमध्ये त्याच शब्दांत चालतो. त्या वादात दोन्ही बाजूंनी व्हिएतनामी बौद्धांचा अनुभव साक्षीला घ्यायला हवा होता, असे आम्हाला वाटते. दोन्हींच्या मध्ये उभे राहून किंमत मोजलेले लोक तेच होते.

बाबासाहेबांनी तर प्रश्न आधीच नीट मांडून ठेवला होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना त्यांनी माओच्या पंचशीलावरील निष्ठेवर अविश्वास दाखवला होता. अमेरिका जी आग्नेय आशियाई संरक्षण संघटना उभारत होती, तिलाही सरसकट झिडकारू नका, असे त्यांचे म्हणणे होते. डाव्या मित्रांना हे अडचणीचे वाटते, म्हणून ते फारसे सांगितले जात नाही. आणि दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेनंतर सव्वा महिन्याने, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण संपवायचे यावर दोघांचे एकमत, फरक मार्गाचा. हिंसेने आणि हुकूमशाहीने आणलेली व्यवस्था बळ हटले की टिकेल का, हा त्यांचा सवाल होता.

व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले, देश एक झाला. १९८१ मध्ये सरकारने आपल्या देखरेखीखालचा बौद्ध संघ स्थापन केला आणि १९६३ च्या आंदोलनातून उभा राहिलेला एकीकृत बौद्ध संघ बेकायदा ठरला. अमेरिकेच्या बगलबच्च्या सरकारने ज्यांना तुरुंगात टाकले होते, त्या थिच क्वांग दो यांना मुक्त व्हिएतनामनेही अनेक वर्षे कैदेत आणि नजरकैदेत ठेवले. न्हात हान यांना देशात पाऊल ठेवू दिले ते २००५ मध्ये, तेही भेटीपुरते. आजारपणात ते २०१८ साली ह्यूएच्या विहारात परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.