भविष्यवाणी आणि चेतना

शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही दोन्ही नाटके शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची मराठी रूपांतरे होत. या शोकांतिकेविषयी विवेकनिष्ठ वाचकास एक प्रश्न पडतो. तीतील चेटकिणींची भविष्यवाणी खरी मानावयाची काय? आणि ती खरी असेल, तर मॅकबेथने केलेल्या खुनाचे दायित्व कोणाचे?

प्रथम मूळ नाटकातील पुरावा पाहू. चेटकिणी हा मॅकबेथच्या मनाचा भ्रम नव्हे. सोबत असलेला बँकोही त्यांना पाहतो, त्यांच्याशी बोलतो. हवेतला खंजीर मात्र एकट्या मॅकबेथलाच दिसतो. तेव्हा नाटकाच्या विश्वात चेटकिणी खऱ्या आहेत आणि त्यांचे बोलही पुढे खरे ठरतात. पण ते बोल कोणते? ग्लॅमिसची सरदारी मॅकबेथकडे होतीच. कॉडरची सरदारी राजा डंकनने आधीच्याच प्रवेशात त्यास बहाल केलेली असते. केवळ ती वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. उरते ते राजपदाचे भाकीत. त्यासाठी राजाचा वध कर, असे चेटकिणी कोठेही सांगत नाहीत. तो विचार मॅकबेथच्याच मनात उठतो. दैवात असल्यास काही न करताही मुकुट मिळेल, हेही त्यास सुचते. तरी तो शस्त्र उचलतो. बँकोचे वंशज राजे होतील, असेही भाकीत होते. बँकोने त्यासाठी कोणाचा खून केला नाही.

पालि वाङ्मयात याच्याशी जुळणारी कथा आहे. अजातशत्रू मातेच्या गर्भात असतानाच, हा पित्याचा घात करील, असे ज्योतिषांनी सांगितल्याचे अट्ठकथा नोंदवते. पुढे त्याने बिंबिसाराचा वध केला. मग दोष दैवाचा मानावा काय? दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू आपल्या अपराधाची कबुली देतो. भगवान ती स्वीकारतात. तो निघून गेल्यावर ते भिक्खूंना सांगतात की, त्याने पितृवध केला नसता तर त्याच आसनावर त्यास धम्मचक्षूचा लाभ झाला असता. याचा अर्थ, वध न करणे त्यास शक्य होते. भाकिताचा उल्लेखही भगवान करीत नाहीत.

यामागील तत्त्व अंगुत्तरनिकायात स्पष्ट होते. सर्व काही पूर्वकर्माने, ईश्वरेच्छेने किंवा अकारण घडते, ही तिन्ही मते भगवानांनी नाकारली. कारण ती मानल्यास हे करावे आणि हे टाळावे, या म्हणण्यास अर्थच उरत नाही. चेतना हेच कर्म, असे त्यांनी सांगितले. भविष्यकथनावर उपजीविका करणे ही हीन विद्या होय, असे ब्रह्मजालसुत्त म्हणते.

म्हणून नाटकापुरती भविष्यवाणी खरी मानली तरी मॅकबेथ दोषमुक्त होत नाही. आपल्या घरांतही पत्रिका व मुहूर्त यांच्यावर निर्णय सोपवले जातात, तेव्हा आपण आपले दायित्वच दुसऱ्याच्या हाती देत असतो. भाकीत कोणी केले, यापेक्षा ते ऐकून आपण काय केले, हाच धम्माचा प्रश्न आहे.