निरोप कोणाच्या हाती?

मारुंजी हिंजवडीला लागून आहे. पूर्वी गावात दवंडी पिटत. आता पाण्याची वेळ, लग्नपत्रिका, दहाव्याचा निरोप, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

हे व्हॉट्सअ‍ॅप चालवतं कोण? अमेरिकेतली मेटा कंपनी. तिचं आधीचं नाव फेसबुक. वापरायला पैसे पडत नाहीत. कंपनीची मोठी कमाई जाहिरातींची. आपला निरोप कुलूपबंद असतो, तो तिला वाचता येत नाही. पण आपण कोणाशी, केव्हा बोललो, हे तिला कळू शकतं.

२०२१ च्या जानेवारीत कंपनीनं नवे नियम सांगितले. लोक धास्तावले. पुष्कळांनी ‘सिग्नल’ घेतलं. ते विनानफा संस्था चालवते, देणग्यांवर. तिथं जाहिरात नाही. आम्हांला ते अधिक बरं वाटतं. पण सिग्नलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जात नाही. आपली माणसं तिथं नसली, तर बोलायचं कोणाशी?

शिवाय नवं टिकेल का, हेही बघावं लागतं. आपल्या देशातलं ‘कू’ २०२० साली बेंगळुरूत निघालं. देशी भाषांत लिहायची चांगली सोय होती. २०२४ च्या जुलैत ते बंद पडलं.

तेव्हा जुनं लगेच काढू नका. घरातल्या चौघांनी मिळून नवं घ्या, महिनाभर वापरा. दोन्ही एकाच मोबाइलवर चालतात.