केसपेपरच्या खिडकीपासून

सोलापूरच्या नवी पेठेतली कापडदुकानं सकाळी उघडतात, त्याच सुमाराला दुकानं मागायला, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागायला, निघणाऱ्या तृतीयपंथीयांचा दिवस सुरू होतो. सरकारी दवाखान्याची ओपीडीही नेमकी सकाळचीच. म्हणजे अंगात ताप असेल तर पहिला प्रश्न डॉक्टरांचा नसतो, आजच्या कमाईचा असतो. तृतीयपंथीयांसाठी आरोग्यसेवा उभारायची म्हटलं की बोलणं थेट लिंगबदल शस्त्रक्रियेवर जातं. आपण आधी साधा ताप घेऊ.

समजा, तीन दिवस ताप उतरत नाही म्हणून गुरू चेल्याला म्हणते, "जा गं, सिव्हिलला दाखवून ये." सोलापूरचं सिव्हिल म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. मेडिसिन, सर्जरी, मानसोपचार, स्त्रीरोग हे विभाग एका छत्राखाली असणं हे मोठं भांडवल. नवी इमारत न बांधताही बरंच काही करता येईल, ते यामुळेच.

पहिली पायरी केसपेपरची खिडकी. अंगावर साडी आणि आधारवर मुलग्याचं नाव, अशी माणसं समोर येणारच. ते नाव मोठ्यानं पुकारलं की सगळी रांग वळून बघते, आणि पुढच्या वेळी ती व्यक्ती औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन गप्प बसते. यावर उपाय जवळजवळ फुकट आहे: कागदावरचं नाव एका रकान्यात, हाक मारायचं नाव दुसऱ्यात, आणि पुकारायचा फक्त टोकन नंबर. 'तृतीयपंथी' ही नोंद मात्र खिडकीवरच अडकून चालत नाही. ती प्रयोगशाळेपर्यंत पोचली पाहिजे.

कारण तिथे खरी गुंतागुंत आहे. रक्तक्षय ठरवताना हिमोग्लोबिनची खालची मर्यादा पुरुषांसाठी १३ आणि स्त्रियांसाठी १२ धरतात. हा फरक बराचसा टेस्टोस्टेरॉनमुळे पडतो. ते दाबणारी औषधं आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीचं हिमोग्लोबिन काही महिन्यांत स्त्रियांच्या पातळीकडे येतं. तिचा आकडा १२.४ आला आणि यंत्रानं 'पुरुष' समजून तो कमी ठरवला, तर नसलेल्या आजारासाठी लोहाच्या गोळ्या सुरू होतात. अवयवांचंही तसंच. स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही सहसा शरीरात राहते. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयमुख असेल तर त्याचीही कर्करोग तपासणी व्हायला हवी, आणि स्त्रीरोगाच्या रांगेत दाढीवाला माणूस उभा राहिला तर वॉचमननं त्याला हटकू नये. केसपेपरवरच्या एका अक्षराऐवजी डॉक्टरांनी शरीरात आज काय आहे आणि कोणती औषधं चालू आहेत, एवढं विचारावं.

विचारतानाही सूर महत्त्वाचा. अनेक जणी कुणाच्या सल्ल्याशिवाय गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतात, त्यातल्या इस्ट्रोजेनसाठी. त्यानं पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. काहींचं निर्वाण, म्हणजे लिंग काढून टाकणं, दाईच्या हातून झालेलं असतं आणि पुढे मूत्रमार्ग अरुंद होऊन लघवीला त्रास होतो. डॉक्टर रागावले तर यातलं काहीच कळणार नाही. एचआयव्हीबद्दलही हाच सावधपणा हवा. सरकारी यंत्रणा या समाजापर्यंत मुख्यतः एचआयव्हीच्या कार्यक्रमातून पोचली, आणि त्यानं जीव वाचवले हे खरंच. पण तापाच्या रुग्णाला पाहताक्षणी एचआयव्हीच्या तपासणीलाच पाठवणं म्हणजे निदान नव्हे.

डेंग्यू निघाला आणि भरती करायची वेळ आली, तर वॉर्ड कुठला? रात्री दोनला कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं हे एकट्यानं ठरवू नये. 'रुग्णाला विचारा, शक्य असेल तर बाजूची खोली द्या' असा लेखी नियम आधीच हवा. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीला असा कक्ष सोयीचा. मला धास्ती वेगळीच वाटते: स्वतंत्र कक्ष झाला की बाकीचे वॉर्ड "तुमचं तिकडे" म्हणून मोकळे होतात.

संप्रेरक उपचार मात्र सोलापुरातच व्हायला हवेत. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियमही पाहावं लागतं. त्यासाठी दरवेळी पुण्याची गाडी पकडणं कुणाला परवडणार? शस्त्रक्रियेला मोठ्या केंद्रात पाठवलं तरी चालेल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

पैशाची वाटही कागदांतून जाते. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात समुपदेशन, संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया आणि विमा हे सगळं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांच्या संरक्षणाचा करार केला. त्यासाठी तृतीयपंथी प्रमाणपत्र लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सहसा रेशनकार्ड मागतात, आणि घरातून बाहेर पडलेलीचं नाव बहुधा घरच्याच कार्डावर राहिलेलं असतं. परदेशी मदतीचा भरवसा किती धरायचा, तेही दिसलं आहे. पुण्यात आणि कल्याणला अमेरिकी निधीवर चालणारी तृतीयपंथीयांसाठीची 'मित्र' क्लिनिक जानेवारी २०२५ मध्ये तो निधी थांबताच बंद झाली.

फुले योजनेच्या रुग्णालयांत मदतीला 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. त्यातली एक खुर्ची पगारासह याच समाजातल्या कुणाला द्यावी, आणि आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी ठेवावी. दुकानं मागून झाल्यावर येता येईल अशी.