मोबाईलवरील शोध : नेमके विचारा, नेमके मिळवा



हंगाम जवळ आला की पुसद, उमरखेड, महागाव भागातील गावोगावी उसाच्या दराचे निरोप मोबाईलवर फिरू लागतात. कोणी टनाला साडेतीन हजार म्हणतो, कोणी चार हजार. खरे काय ते गूगलवर पाहू म्हटले, तर नुसते 'उसाचा भाव' टाकल्यावर जुन्या बातम्या आणि जाहिराती यांचा ढीग समोर येतो. हा ढीग कमी करणाऱ्या चार खुणा आम्ही येथे देत आहोत.

(१) अवतरण चिन्ह : फुले २६५ असे सुटे शब्द टाकले तर झाडाची फुलेही निघायची! तेच "फुले २६५" असे दुहेरी अवतरणात टाकले की पाडेगाव केंद्राच्या, २००७ साली आलेल्या ऊस वाणाची पाने पुढे येतात. मराठी अंकांनी न जमल्यास इंग्रजी अंक टाकावेत.

(२) वजा चिन्ह : वसंतराव नाईक असे शोधले तर आपल्या जिल्ह्याचे माजी मुख्यमंत्री, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि महामंडळ असे सारेच येते. महामंडळ नको असेल तर पुढे -महामंडळ लिहावे. वजाच्या आधी जागा सोडावी, नंतर सोडू नये.

(३) ठिकाण : इंग्रजी एस-आय-टी-ई ही अक्षरे, त्यांना लागून विसर्गासारखी दोन टिंबे (:) आणि लगेच जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन. म्हणजे फक्त सरकारी संकेतस्थळांवरच शोध होतो. टिंबे इंग्रजी कळफलकावरचीच घ्यावीत; मराठी विसर्ग चालत नाही.

(४) कागदाचा प्रकार : एफ-आय-एल-ई-टी-वाय-पी-ई, दोन टिंबे, पी-डी-एफ. याने आदेश, परिपत्रके, पुस्तिका असे छापील कागद मिळतात.

आता दराचाच निरोप तपासू. एफआरपी ही अक्षरे इंग्रजीत, कारण केंद्राची बरीच पत्रके इंग्रजीतच असतात. पुढे ऊस हा शब्द इंग्रजीत, हंगामाचे साल आणि तिसरी खूण. २०२५-२६ साठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये ठरविले होते. त्या हंगामात उतारा ९.५ टक्क्यांहून कमी असला तरी ३२९.०५ रुपयांखाली दर जात नव्हता. आदल्या, २०२४-२५ हंगामाचा दर मात्र ३४० होता. म्हणून सरकारी पान सापडले तरी त्यावरचे साल आधी पाहावे. शिवाय हा दर कारखान्याच्या दारातला आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन रक्कम हाती पडते. 'टनाला इतके मिळणार' असा नुसता आकडा वाचून कर्जाचा नि खर्चाचा हिशेब बांधला तर घाटा आपलाच.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हाही याच रीतीने शोधून वाचावा. वेगळा लेखी करार नसल्यास ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशिरावर सालिना १५ टक्के व्याज द्यावे, हे त्यात लिहिले आहे. सभासदाला आपला हक्क मुळातून ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

टाईप करणे जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरापोरींना हा अंक द्यावा. आणि कोणताही निरोप पुढे पाठविण्याआधी मूळ कागद एकदा पाहावा.